गादीला ऊन

‘गादी’ हा शब्द उच्चारला की इतिहासाच्या तासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे साताऱ्याची गादी येते, कोल्हापूरची येते; आणि आम्हा बालाघाटकरांना तर नागपूरकर भोसल्यांची गादी विशेष जवळची, कारण आमचा हा मुलूख एके काळी त्यांच्याच राज्यात मोडत असे. १८५३ साली तिसरे रघूजीराजे निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले आणि ती गादी गेली. याखेरीज व्यापाऱ्याची गादी असते, मठाधिपतीची गादी असते. या साऱ्या गाद्यांसाठी भांडणे झाली, लढाया झाल्या, खटले चालले. परंतु ज्या गादीवर आपण आयुष्याचा तिसरा हिस्सा अंग टाकून घालवतो, ती कापसाची, पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटाची, चार हात लांब गादी मात्र कोणत्याही बखरीत आढळत नाही. तिच्यासाठी कोणी भांडत नाही. भांडण झालेच तर ती उचलून गच्चीवर कोणी न्यायची, एवढ्यापुरते!

अशाच एका गादीची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. ती सांगण्यात आमचा मोठेपणा काही नाही. उलट थोडी शरमच आहे.

आमच्या आईचे माहेर वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचे. हिंगणघाट ही कापसाची जुनी पेठ. १९६८ सालच्या वैशाखात लग्न होऊन ती बालाघाटास आली, तेव्हा तिच्या वडिलांनी घरच्या कापसाच्या दोन गाद्या तिच्याबरोबर दिल्या. वळकट्या बांधलेल्या त्या गाद्या नागपुरास एक गाडी बदलून, गोंदियास दुसरी बदलून, तेथून अडीच फुटी रुळांच्या छोट्या लाईनीने वैनगंगेच्या काठी येऊन पोहोचल्या. छोट्या लाईनीच्या डब्यात माणसांनाच जागा पुरत नसे. तेव्हा गोंदिया ते बालाघाट हा सारा प्रवास नवऱ्या मुलीने स्वतःच्या गादीवर बसून केला, असे आमचे वडील पुढे अनेक वर्षे थट्टेने सांगत. ती लाईन आता रुंद झाली आहे.

आमचा जिल्हा धानाचा. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते आम्हांस कोणी न सांगताही ठाऊक होते, इतका त्याचा वास आमच्या नाकात लहानपणापासून भरलेला आहे. धानाच्या मुलखात तणसाला तोटा नाही. मळणी झाली की खेड्यांतून नवे तणस जमिनीवर जाड पसरायचे, वर एखादी वाकळ टाकायची आणि थंडी काढायची, ही येथील जुनी रीत. हिवाळा सरला की ते तणस निघाले. पुढल्या वर्षी पुन्हा नवे. हे अंथरूण स्वच्छ किती दिवसांनी करावे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नसे. कापसाच्या मुलखातून आलेल्या आईला प्रथम प्रथम या प्रकाराचे हसू येई. पुढे तिचे मत पालटले. ती म्हणे, “तणसवाले शहाणे. दर साली नवं अंथरूण. मले मात्र ह्या कापसाची चाकरी करा लागते.”

आणि ही चाकरी तिने जन्मभर केली. किती दिवसांनी करावी, याचा तिने दिवसांत कधी हिशेब मांडला नाही. तिचे पंचांग निराळे होते. पावसाने पाठ फिरवली आणि आश्विनातले कडक ऊन पडले, की नवरात्राच्या आधी पहिले ऊन. दिवाळी आटोपली, पाहुणे गेले, की दुसरे. संक्रांतीला तिसरे. मग होळीनंतर उन्हाला धार चढली की दर पंधरवड्याला. आणि मृग लागण्यापूर्वीचे शेवटचे ऊन तर ती कधीही चुकवीत नसे. त्या दिवशी घरातील गादी, उशी, रजई, दुलई, वाकळ, सतरंजी असे एकूणएक अंथरूण-पांघरूण अंगणात येई आणि आमच्या घराचे बिऱ्हाड हलते आहे की काय, असा येणाऱ्या-जाणाऱ्यास भास होई. कोणी आजारातून उठले तर त्याच्या गादीला तिथी पाहावी लागत नसे. भर पावसाळ्यात मात्र ती आभाळावर डोळा ठेवून असे. दोन तासांची उघाडी पडली तरी आतून हाक येई, “गादीले ऊन दाखव रे!”

सकाळी दहाला गादी बाजेवर टाकायची. जमिनीवर टाकायची नाही, कारण खालून वारा खेळला पाहिजे. बारा-साडेबाराला ती उलटायची. तीन वाजता बडवायची. बडवण्याचे काम आम्हा मुलांकडे असे आणि ते आम्ही अत्यंत निष्ठेने करीत असू. कारण शाळेत जी वेताची छडी आमच्या तळहातावर पडे, तसलीच छडी येथे आमच्या मुठीत असे. गणिताच्या मास्तरांवरील पुष्कळसा राग त्या गादीने सोसला आहे. ऊन कलण्यापूर्वी गादी आत आणायची, परंतु लगेच अंथरायची नाही. तिची ऊब निवू द्यायची. मग खाली कडुलिंबाचा वाळका पाला आणि वर धुतलेला पलंगपोस. त्या रात्री गादीला जो एक कोरडा, भाजल्यासारखा वास येई, तो ज्यांना ठाऊक आहे त्यांना वर्णन नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना वर्णन करून उपयोग नाही.

ढेकूण झाले, आणि त्या काळी ते कोणाच्या घरी होत नसत, तर लागोपाठ तीन रविवार ऊन आणि बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी. तीनच रविवार का, असे आम्ही कधी विचारले नाही. ढेकणाची अंडी साधारण आठवड्या-दहा दिवसांत फुटतात, हे आम्ही फार पुढे वाचले. एका उन्हातून वाचलेली अंडी दुसऱ्याच्या सुमारास फुटत आणि ती पिल्ले तिसऱ्यात सापडत. शेजारी एका गृहस्थांनी एकदा डीडीटीची पूड आणून सबंध गादीवर शिंपडली होती. ढेकूण जिवंत राहिले आणि गृहस्थ आठवडाभर शिंकत होते. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४७ सालीच हवाई बेटांत आढळले होते. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या ढेकणांनी काही नवे केले नव्हते.

दर चार वर्षांनी पिंजारी येई. थंडीच्या तोंडावर गल्लीत त्याच्या तातीचा ‘टण्‌ टण्‌’ असा नाद ऐकू आला की आम्ही अभ्यास टाकून धावत सुटू. आई गादी उसवून ठेवी. कापसाचे दडदडीत गोळे जमिनीवर पडत. पिंजारी ती थोरली कमान डाव्या हाती तोलून धरी, लाकडी ठोकळ्याने तातीवर ठोका देई, आणि पाहता पाहता ते गोळे उकलून त्यांचा ढग होई. चार वर्षे ज्यावर आपण झोपलो ते हेच का, असा प्रश्न पडावा इतका तो कापूस फुलून येई. आणि त्यातून निघालेल्या धुळीची भिंतीलगत एक करडी रेघ साचे. मग खोळ धुऊन, वाळवून, कापूस पुन्हा भरला जाई आणि आई दाभणाने टाके घाली. ते काम ती पिंजाऱ्यास करू देत नसे. त्याचे टाके विरळ पडतात आणि कापूस एका कडेला सरकतो, असा तिचा आक्षेप होता. उशांत मात्र आमच्याकडे सावरीचा कापूस. बैहरकडच्या रानातून चैत्रात तो विकावयास येई. तो पिंजावा लागत नाही. मऊ इतका की, उशी हलवली तरी उडतो.

२०१६ साली आई गेली.

दिवसवार झाले. रीतीप्रमाणे शय्यादान झाले, ते बाजारातून आणलेल्या नव्या गादीचे. आईची गादी देण्याचा धीर आमच्यापैकी कोणासही झाला नाही. आमचा धाकटा चिरंजीव तेव्हा सात वर्षांचा होता. आजीच्या कुशीत झोपण्याची त्याची सवय. तो त्या पलंगावरून हलेना. आम्हीही त्याला हलवले नाही. घरातील इतर गाद्या त्याच सुमारास जाऊन त्यांच्या जागी फोमच्या आल्या होत्या. आईची गादी मात्र जशीच्या तशी राहिली. वरचा पलंगपोस धुतला जाई, परंतु गादी उचलावी, उन्हात टाकावी, बडवावी, असे कोणाच्या मनातच येईना. ती जणू आईचे स्मारक झाली होती. स्मारकाला हार घालतात; त्याला छडीने कोणी बडवीत नाही.

अशी तीन वर्षे गेली. २०१९ च्या पावसाळ्यात चिरंजीवांस रात्रीचा खोकला लागला. दिवसा मुलगा हसे, खेळे. पलंगावर पडून तास-दोन तास झाले की खोकू लागे. श्रावणातल्या एका रात्री दोन वाजता तो उठून बसला. त्याच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता, बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, आणि त्याला बोलता येत नव्हते. बाहेर पाऊस कोसळत होता. मुलाला पाठीशी धरून आम्ही भिजत दवाखाना गाठला. नळी लावून वाफेचे औषध दिल्यावर पहाटे त्याचा श्वास लागी लागला.

सकाळी डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले. घरात कोणास दमा आहे काय, कोणी विडी ओढते काय, चूल पेटते काय. मग ते म्हणाले, “भाऊसाहेब, मुलगा झोपतो कशावर?”

“कापसाच्या गादीवर.”

“तिला शेवटचे ऊन कधी दाखवले होते?”

आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिले. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखाचे नाव घेण्याची दोघांचीही छाती होईना.

त्यानंतर आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचले. शाळेतील मुलांस उपयोगी पडेल, म्हणून त्यातले थोडे येथे देतो. निरोगी मोठ्या माणसाच्या त्वचेतून, घाम आला नाही तरी, दिवसाला सुमारे ३५० मिलिलिटर पाणी नकळत उडून जाते. रात्रीच्या आठ तासांच्या वाट्याला त्यातले शंभरावर मिलिलिटर येते. कापूस हा पाणी धरणारा पदार्थ आहे. हवेत मध्यम ओलावा असताना तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी बाळगतो. म्हणजे दहा किलोच्या गादीत हाताला कोरडे लागत असतानाही पाऊण लिटरहून अधिक पाणी असते. पावसाळ्यात ते याहून वाढते. त्वचेच्या पापुद्र्यांचा भुगाही रोज रात्री गादीत झिरपत असतो. ओल आहे, ऊब आहे, अन्न आहे. मग खाणारा यायचाच! हा खाणारा म्हणजे माइट नावाचा, कोळ्याच्या गोतातला आठ पायांचा जीव. मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा असल्यामुळे तो नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. तो चावत नाही. परंतु त्याची विष्ठा वाळून धुळीत मिसळते आणि ज्यांची प्रकृती तशी आहे त्यांच्या श्वासनलिका तिने आवळतात. घरातल्या धुळीने दमा का उठतो, याचे मूळ या जिवात आहे, हे नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहॉर्स्ट, स्पिक्स्मा आदी संशोधकांनी १९६४ साली दाखवून दिले. आमची आई गाद्या घेऊन बालाघाटास आली, त्याच्या अवघी चार वर्षे आधी.

या जिवाला तोंडाने पाणी पिता येत नाही. हवेतील ओलाव्यावरच तो जगतो. हवा बरेच दिवस कोरडी राहिली, आर्द्रता ५० टक्क्यांखाली टिकली, की तो सुकून मरतो. ऊन त्याला सोसत नाही. १९९४ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सतरंज्या कडक उन्हात टाकून पाहिल्या, तेव्हा त्यांतले सारे माइट मेलेले आढळले. मात्र माइट मेला तरी त्याची विष्ठा गादीतच राहते. म्हणून नुसते ऊन पुरत नाही. बडवणे, खोळ धुणे आणि काही वर्षांनी पिंजणे हेही लागते. धुण्याचे पाणी ५५ ते ६० अंशांचे असेल तर माइट मरतात. थंड पाण्याने ते पुष्कळसे जगतात, पण त्यांची घाण बरीच निघून जाते.

येथे एक गोष्ट सांगितली नाही तर ती लबाडी ठरेल. गादी स्वच्छ केली की दमा बरा होतो, असे आम्ही म्हणत नाही. डेन्मार्कमधील दोघा संशोधकांनी अशा उपायांच्या ५० हून अधिक चाचण्या, सुमारे ३००० रुग्णांच्या, एकत्र तपासल्या. आणि माइट कमी करण्याच्या या उपायांनी दम्याच्या रुग्णांस मोजता येण्याजोगा गुण आला नाही, असा निष्कर्ष २००८ साली मांडला. आमच्या डॉक्टरांनीही स्पष्ट बजावले होते की, पंप नियमित घ्यायचा, ऊन हा त्याचा पर्याय नव्हे. गादी आणि औषध यांत आम्ही औषधाला वरचे स्थान देतो. पण म्हणून मुलाला तीन वर्षांच्या धुळीवर निजवावे, असे काही त्या अहवालात लिहिलेले नाही.

कोजागरीनंतरच्या रविवारी ती गादी तीन वर्षांनी गच्चीवर गेली. चिरंजीवांस त्या दिवशी मामाकडे पाठवले, कारण बडवताना उडणाऱ्या धुळीत दमेकऱ्याने उभेही राहू नये. आम्ही नाकाला रुमाल बांधून पहिली छडी मारली. तिरप्या उन्हात जे उठले ते पाहून सौभाग्यवती काही न बोलता खाली निघून गेल्या.

नुसत्या उन्हाने भागणार नव्हते. गादी पिंजून घ्यावयास हवी होती, आणि त्यासाठी ती उसवणे आले. आम्ही कात्री घेऊन बसलो खरे, पण हात चालेना. दोन-तीन ओळी पांढऱ्या दोऱ्याच्या होत्या आणि मग एकाएकी निळा दोरा लागला होता. पांढरा संपला असेल, दुकान लांब, आईने हाती आला तो ओवला असेल. तिचे टाके होते ते. ते कापले की पुन्हा तिच्या हातचे टाके कोण घालणार? आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. अखेर सौभाग्यवती म्हणाल्या, “आईंनी स्वतः दर चार वर्षांनी उसवलीच ना?”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही कापू लागलो.

कमान घेऊन गल्लीत फिरणारा पिंजारी आता आमच्याकडे दिसत नाही. बाजारात एका दुकानी विजेचे यंत्र आहे. दुकानदाराच्या वडिलांची कमान तेथे भिंतीला टांगलेली आहे. यंत्रात धागा तुटतो, कमानीत तो नुसता सुटतो, असे त्याचे ठाम मत. परंतु यंत्र एका तासात चार गाद्या पिंजते. साडेनऊ किलो कापूस दिला होता, आठ किलो परत आला. उरलेला दीड किलो त्याने दुकानामागे झाडून टाकला. त्या दीड किलोवर मुलगा तीन वर्षे श्वास घेत होता, हा विचार त्या वेळी मनात आला तो अजून पुरता गेलेला नाही. कापूस मात्र चांगला निघाला. हिंगणघाटचा माल म्हटल्यावर दुकानदाराने मूठभर हातात घेऊन ताणून पाहिला आणि नवीन कापूस मिसळू नका, म्हणून सल्ला दिला. गादी थोडी पातळ झाली आहे. टाके सौभाग्यवतींनी घातले. ते वाकडे आहेत.

तेव्हापासून आमच्या घरी नियम असा: चादर आणि अभ्रे दर आठवड्यास, खोळीवरचे आवरण महिन्यास, कापसाच्या गादीला कोरड्या ऋतूत दर पंधरवड्यास ऊन, आणि पावसाळ्यात आभाळ देईल तेव्हा. चार वर्षांनी पिंजण. २०२३ मध्ये एकदा होऊन गेले. फोमच्या गादीचे शास्त्र वेगळे आहे. तिला कडक ऊन सोसत नाही. ती पिवळी पडते आणि भुगा होऊ लागते. तिला सावलीत, वाऱ्याशी उभी करावी, महिन्यातून एकदा धूळ ओढून घ्यावी आणि डोक्याकडील बाजू पायांकडे फिरवावी. दुकानातून येताना असलेली प्लॅस्टिकची पिशवी मोठ्या कौतुकाने तशीच ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्यात घामाची ओल कोंडते आणि बुरशी धरते. लहान मुलाने रात्री गादी ओली केली तर मुलावर रागावण्यात वेळ दवडू नये. ओल आधी फडक्याने टिपून घ्यावी, मग गार पाण्याने आणि थोड्या साबणाने पुसावे, आणि पुरती वाळल्याखेरीज गादी अंथरू नये. रक्ताचा डागही गार पाण्यानेच काढावा; गरम पाण्याने तो पक्का होतो.

चिरंजीव आता मोठे झाले आहेत. पंप दप्तरात असतो. पावसाळ्यात एखादी रात्र अजूनही खोकल्याची जाते. कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस एक कागद डकवलेला आहे आणि त्यावर प्रत्येक उन्हाची तारीख त्यांच्या अक्षरात लिहिलेली असते. आईला असा कागद कधी लागला नाही. आमच्या घरात तिचे पंचांग कोणाला पाठ नव्हते, म्हणून तो लागतो. बडवण्याचे काम आमच्याकडे आहे. गादी वर नेणे आणि उलटणे हे त्यांच्याकडे.

हा लेख लिहीत असतानाही ती गच्चीवरच आहे. सकाळी दहाला टाकली, साडेबाराला उलटली. ऊन चांगले होते. आता अक्षरे थोडी अंधुक दिसू लागली, म्हणून खिडकीकडे पाहिले, तो जिन्यावरून हाक आली, “बाबा, आभाळ आलं! एका बाजूनं धरायला या!”